झोळीत तिरकं झोपावं



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीत आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर हल्ली रिक्षावालेसुद्धा माझ्याहून चांगलं बोलतात. मी पायांवर बोलते. पलीकडून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, "कुणाच्या?" मी म्हटलं, "माझ्या. झोळीत झोपल्यावर दुखले त्या."

समोर हसणारे पाच-सहा जण दिसताहेत, त्यांना माहिती आहे मी कशाबद्दल बोलतेय. बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या डिसेंबरात आपल्या बॅचचे आम्ही काही जण आपल्याच एका मित्राच्या कोकणातल्या वाडीवर गेलो होतो. घरात झोपायला जागा होती, गाद्या होत्या, पण त्याने हौसेने चार हॅमॉक आणून ठेवले होते. पॅराशूटच्या कापडाचे, दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेले. मराठीत झोळीच म्हणायची. लहान बाळाला लुगड्याची बांधतो तीच, फक्त मोठ्यांसाठी. आंबा आणि फणस यांच्यामध्ये आमच्या झोळ्या बांधल्या. वर चांदणं, खाली पालापाचोळा, गार वारा. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. फोटोत मी फार सुखात दिसते.

रात्री दोन वाजता मी सुखात नव्हते. आधी टाचा दुखू लागल्या. मग गुडघे मागच्या बाजूने ताणल्यासारखे झाले. उजव्या पोटरीखाली कापडाची एक कडक वळी आली होती, ती काठीसारखी रुतत होती. बोटांना मुंग्या आल्या, आणि तळवे बर्फासारखे गार पडले. मी चपला घालून अंगणात फेऱ्या मारू लागले. मला वाटलं, झालं, मधुमेह. आमच्याकडे आईच्या बाजूने आहे. वय पंचेचाळीस. पायाला मुंग्या म्हटल्यावर आपल्या वयाला दुसरं काय आठवणार?

परत आल्यावर तपासणी केली. साखर ठीक निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरी पलंगावर मुंग्या येतात का?" मी म्हटलं, नाही. "मग झोळीचा दोष आहे, तुमचा नाही." हे मुद्दाम सांगतेय, कारण घरच्या अंथरुणातही पाय बधिर होत असतील तर झोळीला बोल लावू नका, तपासून घ्या. पण फक्त झोळीतच दुखत असतील, तर पुढचं ऐका.

झोळीचा दोष आहे म्हटल्यावर माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. फेब्रुवारीत मी परत त्या वाडीवर गेले. बरोबर मोजपट्टी, दोरी, वही आणि मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या. आपल्या मित्राच्या आईने विचारलं, "अगो, झोपूक इलंस की घर बांधूक?"

आता चूक काय होती ते सांगते. पहिल्या रात्री आम्ही झोळी खाटेसारखी ताठ बांधली होती. सगळ्यांना हेच वाटतं, की ताणून बांधली म्हणजे सपाट होईल. होतं उलटं. चुण्या घातलेलं कापड ताणलं की मधोमध एक कडक दोर तयार होतो, आणि कडा आत येऊन खांदे आवळतात. माणूस केळ्यासारखा वाकतो. बूड खाली, डोकं वर, पाय वर. पायांचा भार टाचांवर येतो, आणि गुडघ्याखाली कापड टेकतच नाही. गुडघा अधांतरी राहतो आणि रात्रभर उलट्या बाजूला ताणला जातो. शिवाय पायाकडच्या टोकाला कापड अरुंद होत जातं, ते दोन्ही पावलं एकत्र दाबून बोटं पुढे ढकलतं.

ताठ बांधण्याचा आणखी एक तोटा झाडांना आणि दोरांना होतो. झाडापासून येणारा दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक दोरावर साधारण आपल्या वजनाइतकाच ताण येतो. माणूस ६० किलोचा, तर प्रत्येक दोरावर ६० किलोचा ताण. तोच कोन १० अंशांवर आणला, तर ताण जवळजवळ तिप्पट होतो, १७० किलोच्या वर. गणिताच्या बाई बसल्या आहेत, त्यांनी साइनचं कोष्टक पाठ करून घेतलं होतं. बाई, अर्धा भागिले अर्धा म्हणजे एक, हे शेवटी फणसाच्या झाडाखाली उपयोगी पडलं.

मग मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. प्रोग्राममधली चूक शोधताना हाच नियम असतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही.

पहिला बदल, ढिलं बांधणं. गुण्याचा ३० अंशांचा कोपरा धरून दोर त्या कोनात आणला. झोळीच्या दोन टोकांमध्ये वरून एक पक्की दोरी बांधली, म्हणजे झोळ दर वेळी सारखाच राहतो. ती दोरी झोळीच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवतात. माझी झोळी ३ मीटरची, तर दोरी अडीच मीटरच्या जराशी आत. झाडाला बारीक दोरी न गुंडाळता रुंद पट्टा लावला, साल सोलवटू नये म्हणून. इतकं केल्यावर खांदे सुटले, पण टाचा दुखतच होत्या.

दुसरा बदल, तिरकं झोपणं. डोकं मधल्या रेषेच्या डावीकडे वीतभर, पाय उजवीकडे तेवढेच. कापड एकदम पसरलं आणि पाठ जवळजवळ सपाट झाली. टाचांवरचा भार मांड्या आणि पोटऱ्यांवर वाटला गेला. सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला. मात्र झोळी आखूड असेल तर तिरकं झोपल्यावर ती मधली कडक वळी नेमकी पोटरीखाली येते. पहिल्या रात्री झोपेत मी आपोआप तिरकी सरकले असणार, म्हणून पोटरीत काठी रुतल्यासारखं झालं. त्यावर उपाय म्हणजे लांब आणि रुंद झोळी. ते जमणार नसेल तर तिरकेपणा थोडा कमी करायचा.

तिसरा बदल, पायाकडचं टोक डोक्याकडच्या टोकापेक्षा वीतभर उंच बांधणं. ऐकायला चुकीचं वाटतं, पाय तर आधीच वर होते. पण आपलं धड जड आणि पाय हलके. दोन्ही टोकं सारखी असली तर माणूस हळूहळू पायाकडे घसरतो आणि पावलं टोकाच्या अरुंद कापडात जाऊन अडकतात. पायाकडचं टोक उंच केलं, की धड सगळ्यात खोल जागी बसतं आणि तिथेच राहतं. घसरणं थांबलं, बोटं मोकळी झाली.

चौथा बदल, गुडघ्याच्या लवणीखाली गुंडाळलेली शाल. दोन बोटं जाडीची. गुडघा किंचित दुमडला, की मागचा ताण जातो. आणि पाचवा, पाठीखाली आणि पायाखाली सतरंजीची घडी. झोळीत खालून वारा लागतो, आणि अंगाखाली दबलेली गोधडी ऊब धरत नाही. तळवे गार पडत होते ते त्यामुळे. कोरडे पायमोजेही घातले.

त्या रात्री मी अकराला झोपले आणि साडेपाचला उठले, तेही कोंबड्याने उठवलं म्हणून.

आता हा शोध माझा नाही. हॅमॉक हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. कोलंबस १४९२ साली तिथे पोचला तेव्हा त्याने सुती जाळीच्या अशा झोळ्या पाहिल्या. पुढे युरोपातल्या खलाशांनी त्या जहाजावर नेल्या. मेक्सिकोतल्या युकातान भागात आजही कित्येक घरांत लोक रोज रात्री झोळीत झोपतात, आणि ते तिरके, कधी कधी जवळजवळ आडवेच झोपतात. त्यांना गुण्या लागत नाही. आपण दुकानातून वस्तू आणली, पण ती वापरणाऱ्याला विचारलं नाही. पलंगावर झोपतात तसे सरळ झोपलो आणि पाय दुखले म्हणून वस्तूला नावं ठेवली.

मग आपली बाळं झोळीत सरळ झोपूनही का रडत नाहीत? त्यांचे पाय दुमडलेले असतात आणि वजन किती, तीन-चार किलो. त्यांच्या टाचेवर भार येतच नाही.

इथपर्यंत ही गंमत होती. आता खरं बोलायचं आहे ते बोलते.

त्या पहिल्या रात्री अंगणात फेऱ्या मारताना मला बाबांची आठवण आली. तुमच्यातल्या कित्येकांनी त्यांना पाहिलंय. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी स्टेजचा पडदा बांधायला ते यायचे, शिडीवर चढून. गाठी फार छान मारायचे. चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मी रजा काढून शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाळ, टाच दुखतेय गं."

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "बाबा, ऑपरेशन खुब्याचं आहे. टाचेला काय झालंय? नुसते झोपून तर आहात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं. ते त्रास सांगणारे नव्हतेच, आणि सांगितला त्यावर मुलीने हे उत्तर दिलं. सहाव्या दिवशी एका सिस्टरने पायावरची चादर वर केली. टाचेच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा जांभळा डाग होता. शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोर म्हणतो. मला वाटायचं ते फक्त पाठीला, कमरेखाली होतात. पण टाच ही त्याची अगदी नेहमीची जागा आहे. खुब्याचं हाड दीड महिन्यात सांधलं. ती टाच भरायला चार महिने लागले, आणि तोवर त्यांना धड चालता येईना.

आपल्या टाचेला चरबीची जाड गादी असते, ती तळव्याच्या बाजूला. उभं राहण्यासाठी. उताणं झोपलं की टेकते ती मागची बाजू. तिथे हाडावर जवळजवळ नुसती कातडी असते. एक पाय शरीराच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका असतो. त्यातला बराच भार त्या चिमूटभर जागेवर येतो. त्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही. आपल्याला दुखतं, आपण पाय हलवतो, रक्त परत येतं. झोपेतसुद्धा हलवतो. ज्याला हलवता येत नाही, तो सांगतो. आणि त्याचं कुणी ऐकलं नाही, तर कातडी आतून मरते.

विज्ञानाचे सर पहिल्या रांगेत आहेत. सर, नववीत तुम्ही वर्गात परातीत ओली वाळू आणि एक वीट आणली होती. वीट आडवी ठेवली, थोडीशी रुतली. मग तीच वीट उभी ठेवली, ती खोल रुतली. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. वीट तीच, वजन तेच, टेकणारी जागा निम्म्याहून कमी, म्हणून दाब दुपटीहून जास्त. मला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले होते. पुढे त्याच विषयांच्या जोरावर इंजिनिअर झाले. आणि वडील दोनदा म्हणाले टाच दुखतेय, तेव्हा मला ती वीट आठवली नाही.

आमच्या कामात एक बदनाम वाक्य आहे. ग्राहक सांगतो, तुमचा प्रोग्राम चालत नाही. आणि आम्ही म्हणतो, माझ्या मशीनवर तर चालतोय. मी बाबांना नेमकं तेच म्हटलं होतं. माझी टाच दुखत नव्हती, म्हणून त्यांचीही दुखत नसणार. त्यानंतर तीन वर्षांनी झोळीत माझी टाच दुखली तेव्हा कळलं की नुसतं झोपून दुखतं, आणि किती दुखतं. मला चपला घालून फेऱ्या मारता येत होत्या. त्यांना येत नव्हत्या.

त्या सिस्टरने नंतर काय केलं ते सांगते, कारण तेच पुढे मी झोळीत केलं. तिने एक लांब उशी पोटरीखाली उभी लावली, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत. टाच उशीच्या टोकाबाहेर, हवेत. खाली गादी आणि टाच यांच्यामध्ये तिचा हात सहज जात होता. गुडघा किंचित दुमडलेला, कारण तो ताठ किंवा उलटा ताणलेला राहिला तर मागची शीर दबते. उशीची कड घोट्यामागच्या शिरेवर येऊ दिली नाही. भार पोटरीच्या लांबरुंद भागावर गेला. आडवी वीट.

त्याच वॉर्डात शेजारच्या आजोबांच्या टाचेखाली त्यांच्या नातेवाइकांनी हातमोज्यात पाणी भरून ठेवलं होतं. मलाही ते करावंसं वाटलं. सिस्टरने नको म्हटलं. फुगवलेला मोजा एवढासा, तो टाचेलाच टेकतो आणि सरकून जातो. मधे भोक असलेल्या गोल उशीचंही तेच, भोकाच्या कडेवर दाब वाढतो. टाचेखाली मऊ काही द्यायचं नाही. टाच टेकूच द्यायची नाही.

हे मी इथे का सांगतेय? आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपले आईवडील सत्तरीत, पंचाहत्तरीत. पुढच्या दहा वर्षांत आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी काही दिवस अंथरुणाला खिळणार आहे. तेव्हा रोज दोनदा पायावरची चादर बाजूला करा आणि टाचा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर रक्त पोचतंय. फिका पडलाच नाही, तर त्याच वेळी सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. तिथे गरम लागतंय का, कडक लागतंय का. मधुमेह असेल तर त्यांना कदाचित दुखणारही नाही, मग आपणच बघायचं. आणि कुणी म्हणालं दुखतंय, तर का दुखेल याचा वाद घालण्याआधी बघायचं.

बाबा नंतर चालले. काठी घेऊन का होईना, कोपऱ्यावर जाऊन पेपर आणत होते. दीड वर्षापूर्वी ते गेले, हृदयविकाराने, त्या टाचेचा त्याच्याशी संबंध नव्हता. टाच पूर्ण बरी झाली होती. मी त्यांची माफी मागायची राहून गेली. एकदा विषय काढला होता, तर म्हणाले, "तुला कुठे माहीत होतं." हे त्यांचं मोठेपण. मला माहीत होतं. नववीत शिकवलं होतं.

तर आता झोळीबद्दल शेवटचं. वाडीवर पुन्हा जायचं ठरतंय, या खेपेला बॅचमधल्या सगळ्यांनी यावं असा आपल्या मित्राचा आग्रह आहे. झोळ्या चारच आहेत, आळीपाळीने झोपू. बांधायचं काम माझ्याकडे. ढिली बांधीन, पायाकडून वीतभर उंच, आणि प्रत्येकाच्या लवणीखाली शाल घालीन. तुम्ही तिरकं झोपायचं. इतकं करूनही एखाद्याचे गुडघे कुरकुरले तर त्याने माडीवर गादी घालून झोपावं, त्यात कमीपणा नाही. काहींना झोळी मानवत नाही. मात्र रात्री दोनला कुणाची टाच दुखली, तर मला उठवायचं. मी का दुखतेय ते विचारणार नाही. आधी टॉर्च आणीन.

सर, विटेचा प्रयोग समजायला मला तीस वर्षं लागली. उशीर झाला, पण समजला.